साहेबांचा राहिलेला फेरा

आमच्या साहेबांची चूक कधीच नसायची. चहा सांडला तर कप डुगडुगता, गाडी ठोकली तर हिंजवडीचा ट्रॅफिक, काम बिघडलं तर आम्ही. बरं, हे रागावून नव्हे. ते इतक्या गोडीनं दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, की तो घेणाऱ्यालाही घरी पोचेपर्यंत कळायचं नाही.

दर रविवारी ते मुळशीच्या पाण्यावर शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतीत उतरायचे. मलाही त्यांनीच तो नाद लावला. होडीत माणूस एकटा, आणि होड्या सगळ्या एकाच मापाच्या, शिडंसुद्धा. हरल्यावर दोष द्यायला कुणी उरतच नाही. साहेबांना उरायचं. वारा पडला, दोरी ओली होती, कुणीतरी मध्ये आलं. काठावर टपरी चालवणाऱ्या मावशी चहाचा ग्लास पुढे करत विचारायच्या, "सायब, आज कुनाचं चुकलं?" आणि साहेब खरोखरच सांगत बसायचे.

मंदीच्या वर्षी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा डेटा उडाला. उडवला साहेबांनी, मीटिंगमध्ये नाव आलं माझं. हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत मी नोकरी जायची वाट बघत होतो. लातूरला घरी काही कळवलं नव्हतं. तरी रविवारी साहेबांनी गाडीत बस म्हटलं आणि मी बसलो.

"होईल रे सगळं नीट," गिअर टाकत ते म्हणाले.

त्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढे होते, त्यांच्यामागे मी. वळणाची खूण म्हणून पाण्यावर सोडलेल्या पिवळ्या पिंपाला त्यांची होडी घासली. असं झालं की दंड म्हणून ज्यानं त्यानं आपणहून होडी तिथल्या तिथे गोल फिरवून एक पूर्ण फेरा घ्यायचा आणि मग पुढे जायचं. बघायला पंच नसतो. साहेबांनी मागे वळून पाहिलं, मी दिसलो. फेरा न घेता ते तसेच निघाले. लाज मला वाटली. मान मीच खाली घातली.

काठावर टाळ्या पडल्या. मावशी म्हणाल्या, "आज जिकलात व्हय? मग आज कुनाचंच चुकलं न्हाई म्हना की."

साहेबांनी ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"माझं चुकलं, मावशी."

मावशी हसल्या. साहेब उठले, शर्यत घेणाऱ्यांकडे गेले आणि आपलं नाव काढून घेतलं.

सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी उडालेल्या डेटाबद्दलही तेच सांगितलं. माझी नोकरी राहिली, त्यांची गेली.

शेवटच्या दिवशी मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. माझ्याकडे बघत नव्हते.

"आभार नको मानूस. पिंपाचं एक वेळ सोड. तुझी झोप उडवली आणि रविवारी तुलाच गाडीत घालून फिरायला नेलं. आणि तू मुकाट्यानं येत होतास. ती लाज काही जाईना बघ."