आपलं झाड

तिया नेमेसियाला मी फसवलं नाही. मी फक्त तिचं बोलणं लिहून घेतलं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते तोंडपाठ झालंय. पण पाठ झालं म्हणून खरं वाटायला लागतं असं नाही.

पाराग्वाइतल्या आमच्या गावात, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं घर. सगळं गाव तिला तिया म्हणायचं, म्हणजे मावशी. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, घरात ती एकटीच. उजाडलं की तिचा खराटा सुरू व्हायचा, आणि त्या आवाजावर अर्धी गल्ली उठायची. अंगणाच्या कडेला, शेजारच्या हद्दीवर, आंब्याचं झाड होतं. तिचा नवरा आणि शेजारची पेत्रोना या दोघांनी मिळून एका खड्ड्यात लावलेलं, मध्ये कुंपण नव्हतं तेव्हा. आंब्याची पानं बारा महिने गळतात. आपल्या बाजूचं झाडून झालं की तिया तोच खराटा घेऊन पेत्रोनाच्या अंगणात शिरायची. तिथलं झाडून होईपर्यंत पेत्रोनाने तेरेरेचा, म्हणजे पाला भिजवलेल्या थंडगार पाण्याचा, पेला भरलेला असायचा. नळी एकच, ओढायची दोघींनी, आळीपाळीने. असं चाळीस वर्षं चाललं.

पेत्रोना गेली. तिचा मुलगा विल्फ्रिदो राजधानीतल्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी आला, आणि आल्या आल्या त्याने दोन कामं केली. अंगणात फरशी घातली आणि मध्ये भिंत बांधली. भिंतीमुळे तियाचं पलीकडे जाणं बंद झालं. पानांचं झालं नाही. ती फरशीवर साचू लागली, पन्हळीत तुंबू लागली. आईच्या अंगणात कधी पान दिसायचं नाही, ते काही झाडाच्या शहाणपणामुळे नव्हे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तियाने झाड तोडावं म्हणून त्याने सरळ दावा ठोकला.

गावच्या कोर्टात मी कारकून. विल्फ्रिदो आला तो हातगाडीवर नऊ पोती लादून.

"हा पुरावा," तो म्हणाला. "एका महिन्याचा."

"साहेब, मूठभर आणली असती तरी चाललं असतं."

"म्हणजे तूच म्हणणार, मूठभर पानांसाठी कोर्टात कशाला आलात?"

म्हणालो असतो, हे खरंच. पोती बाहेरच्या पडवीत ठेवली. त्यातली दोन फुटली, आणि चार दिवस आम्ही सगळे पुराव्यावरूनच ये-जा करत होतो.

जबाबाच्या दिवशी तिया रविवारचे बूट घालून आली. पडवी बघून तिने आधी शिपायाकडे खराटा मागितला.

"तिया, तू इथे प्रतिवादी म्हणून आली आहेस, झाडायला नाही," मी म्हटलं.

"प्रतिवादी म्हणून काय घाणीत बसू? पाय उचल."

पडवी झाडून झाल्यावरच ती खुर्चीवर टेकली. न्यायाधीश बाई जबाबाला बसत नाहीत, त्या नंतर कागद वाचतात. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी ग्वारानीत, आमच्या घरच्या भाषेत, विचारलं, "झाड कुणाचं?"

"आपलं," ती म्हणाली.

आता इथे जरा थांबावं लागेल. ग्वारानीत 'न्यांदे' म्हणजे आपलं, ज्यात समोरचाही येतो. 'ओरे' म्हणजे आमचं, ज्यात समोरचा नाही. शेंबडं पोरही यात चुकत नाही. तिया 'न्यांदे' म्हणाली. माझं, विल्फ्रिदोचं, पेत्रोनाचं, ज्याने ज्याने खाली बसून आंबे चोखले त्या सगळ्यांचं. त्यात मीही आलो, लहानपणी तिच्या अंगणात कोयींचा ढीग घालणारा. पण कोर्टाचा कागद स्पॅनिशमध्ये, आणि स्पॅनिशकडे दोन्हींना मिळून एकच शब्द. बारा वाजत आले होते, पोटात कावळे ओरडत होते. मी तो एकच शब्द लिहिला; वाचणारा त्याचा अर्थ 'आमच्या घरचं' असाच घेणार होता. पुढे कंस करून 'दोन्ही घरांचं' असं लिहायला किती वेळ लागला असता?

"आणि त्याला म्हणावं, भिंतीला एक दार ठेव," ती सांगत होती. "मी येऊन झाडून देते. त्याच्या आईचं देतच होते की."

"ते विचारलेलं नाही, तिया."

मग मी जबाब तिला स्पॅनिशमध्ये भराभरा वाचून दाखवला. ती समजल्यासारखी मान हलवत होती.

"मी म्हटलं तसंच लिहिलंस ना, रिगो?"

"तसंच."

तिने मोठ्या मोठ्या अक्षरांत सही केली.

निकालात आलं की झाडाची मालकी बाईने स्वतःच कबूल केलेली आहे, सबब तीस दिवसांत तिने ते काढून टाकावं. निकाल टाइप मीच केला. न्यायाधीश बाईंच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. आत जाऊन "बाई, एक शब्द चुकलाय" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी विचारलं असतं, अकरा वर्षांत असे आणखी किती चुकवलेस? मला ते उत्तर माहीत नव्हतं, आणि नोकरी हवी होती. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

ऑगस्टमध्ये झाड तोडलं. तिया दिवसभर त्याच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसली होती. संध्याकाळी उरलेल्या बुंध्याचा अर्धा भाग विल्फ्रिदोच्या भिंतीखालून पलीकडे गेलेला सगळ्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी तो मला दुकानात भेटला.

"अरे, अर्धं माझ्याकडेच होतं की. मग म्हातारीने सगळं स्वतःच्या अंगावर का घेतलं?"

मी पाव घेतला आणि बाहेर पडलो.

एक ऑक्टोबरला आमच्याकडे घरोघरी मका आणि घेवडा एकत्र शिजतो. त्या दिवशी म्हातारा ऑक्टोबर फाटकी टोपी घालून दारोदार फिरतो, आणि जिथे भांडं रिकामं दिसेल तिथे वर्षाची उपासमार ठेवून जातो. दुपारी तिया ताटली झाकून माझ्या दारात आली.

"घे रे. आपल्याला वर्षभर काही कमी पडायला नको."

तो 'आपल्याला' ऐकला आणि माझ्याच्याने राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली.

"म्हणजे तू 'आमचं' लिहिलंस."

"स्पॅनिशमध्ये शब्दच एक आहे, तिया."

"शब्द एक असेल. कागदावर जागा नव्हती?"

"मी कोर्टात सांगतो," मी म्हटलं. "विल्फ्रिदोलाही सांगतो. तुझ्या अंगणात नवं रोप लावू. आपण दोघं मिळून..."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"राहू दे. आमचं आम्ही बघू."

'ओरे' म्हणाली ती. घरात एकटी राहणारी बाई. त्या 'आम्ही'त तिचा नवरा होता, पेत्रोना होती, तोडलेलं झाडही होतं. मी तेवढा नव्हतो.