दातांनी ओढलेली दोरी

धनुष्याची दोरी ओढायला उजव्या हाताची तीनच बोटं लागतात. माझी नेमकी तीच आधी आखडली.

धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. जळगावला कॉलेजात असताना धनुष्य हातात घेतलं, ते सुटलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ती सासरीही गेली; पण शाळा भरायच्या आधी मैदानावर जाऊन छत्तीस बाण मारायचे, हा नेम कायम राहिला. स्पर्धांचं वय केव्हाच उलटलं होतं. दिवसभरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पन्नाशी ओलांडली त्या हिवाळ्यात सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. थंडीमुळे असेल म्हणून गरम पाण्यात हात बुडवून बसायची. मग एकदा कणीक मळताना हात परातीतच राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं, "आमवात आहे. गोळ्यांनी आवरता येईल. जाणार नाही."

"धनुष्य?" मी विचारलं.

"कसलं धनुष्य?" ते म्हणाले. मी सांगितल्यावर त्यांनी माझी बोटं पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिली आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

माझे यजमान एमआयडीसीत लेथवर काम करायचे. सेवानिवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि घरात त्यांच्या हाताला काम नव्हतं. माझं दुखणं त्यांनी बिघडलेल्या यंत्रासारखं हाती घेतलं. आधी धनुष्याच्या पात्या बदलल्या. चौतीस पाउंडांचं वजन मी ओढत होते, ते अठ्ठावीसवर आणलं. पुढे बावीस. बाण लक्ष्यापर्यंत पोचेनात, म्हणून लक्ष्य जवळ ओढलं. बोटांवर लावायच्या चामडी पट्टीखाली त्यांनी जुन्या चपलेचा मऊ रबर चिकटवला. धनुष्याच्या मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली, म्हणजे डाव्या हाताला आवळून धरावं लागू नये. सकाळी बोटं उघडायचीच नाहीत, म्हणून मी शाळा सुटल्यावर मैदानावर जाऊ लागले. प्रत्येक बदलानंतर महिना-दोन महिने बरे जायचे. मग बोटं त्याच्याही पुढे जायची.

मग त्यांनी मनगटाला बांधायचा आकडा बनवला. चामड्याचा पट्टा, त्याला पोलादी आकडा आणि सायकलच्या ब्रेकमधून काढलेला छोटा खटका. दोरी आकड्यात अडकवायची, मनगटानं ओढायची, खटका दाबला की बाण सुटायचा. पंधरा दिवस ते मागच्या अंगणात कानस घासत बसले होते. पहिल्या दिवशी मी बारा बाण मारले. ते माझ्यामागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

पावसाळ्यात मनगट सुजलं. आकडा ओढला की कोपरापर्यंत कळ जायची. एका संध्याकाळी मी तो पट्टा सोडवून अंगणात भिरकावला.

"तुम्हाला काय कळतं यातलं?" मी ओरडले. "तुम्ही एक बाण तरी मारलाय का जन्मात?"

त्यांनी आकडा उचलला, शर्टाला पुसला. "पट्टा जरा रुंद करून बघतो," म्हणाले.

त्यांचा राग यावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. पण ते काहीतरी नवीन घेऊन आले, की मला पुन्हा एकदा उमेद धरावी लागायची. बोटांच्या दुखण्यापेक्षा मला त्याचाच थकवा यायला लागला होता.

दातांची गोष्ट मीच काढली. हात नसलेला एक माणूस दातांत दोरी धरून बाण मारतो, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. दोरीला मधोमध चामड्याची पट्टी शिवायची, ती दाढांत धरायची आणि धनुष्य पुढे रेटायचं. यजमानांना चामडं नीट शिवता येईना, म्हणून आम्ही बस स्टँडजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या चांभारबाबांकडे गेलो. शाळेतल्या मुलींचे बूट मी त्यांच्याकडूनच शिवून घ्यायची.

"अक्का, हाई कसाले?" त्यांनी विचारलं.

"दातांत धरायला, आबा."

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. मऊ चामड्याचे दोन थर घेतले, मेणाच्या दोऱ्यानं बारीक टाके घातले आणि कडा स्वतःच्या गालावर घासून पाहिल्या, कुठे टोचतं का म्हणून.

चामड्याची चव दिवसभर तोंडात राहायची. मुली कुजबुजायच्या, मुख्याध्यापिका बाई नजर चुकवायच्या. मी डावा हात ताठ करून धनुष्य पुढे रेटायची, मान वळवून दाढा आवळायची आणि नेम लागला की तोंड उघडायची. बाण कुठेही जायचे. तिसऱ्या आठवड्यात मात्र एक पिवळ्यात बसला, अगदी मधोमध. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. यजमानांना वाटलं, आनंदानं. तेव्हा होतंही तसंच.

चार महिन्यांनी एका दुपारी भाकरीचा तुकडा चावताना कानाखाली कट्ट आवाज झाला. संध्याकाळपर्यंत तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. आठवडाभर भाकरी वरणात कुस्करून गिळली. पुन्हा जळगाव, तेच डॉक्टर.

"जबड्याचाही सांधाच असतो ना, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तो तरी आता जपा."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे यजमानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं चित्र होतं: जमिनीत रोवलेला लोखंडी स्टँड, त्यावर आडवं धनुष्य आणि पायानं दाबायची पट्टी.

"यात हात नको आणि तोंडही नको," ते म्हणाले. "तू फक्त बसायचं आणि नेम धरायचा."

त्यांनी ते चित्र केव्हा काढलं असेल? बहुधा मी आत डॉक्टरांसमोर तोंड उघडून बसले होते तेव्हा, बाहेरच्या बाकावर.

"अहो," मी म्हटलं, "पुरे आता. मला नाही मारायचे बाण."

"अगं, महिनाभरात करून देतो—"

"मनच नाही राहिलं त्यात. खरंच."

मी खोटं बोलले. पण त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विश्वास ठेवला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. धुळ्याला उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. दुखेल म्हणून कोपराच्या वर धरलं.

याला दोन वर्षं होतील. धनुष्य मी शाळेला देऊन टाकलं. मुली ते वापरतात, पण त्या मैदानावर असल्या की मी कार्यालयात काहीतरी काम काढून बसते. नवीन गोळ्या चालू आहेत. त्यामुळे सूज कमी असते. वाकलेली बोटं मात्र सरळ होत नाहीत.

सकाळी यजमान माझ्या पोलक्याचे हूक लावतात, मग वेणी घालतात. ओढलं तर मला दुखेल म्हणून सैलच घालतात. शाळेत पोचेपर्यंत ती निम्मी सुटलेली असते आणि ती पुन्हा घालणं मला जमत नाही.