एनॉसची न लागलेली सोंगटी

सलोमी गिंगरिच खोटं बोलत नसे. एल्मायरा गावाच्या आसपासच्या, मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत खोटं बोलणारे तसेही फार नव्हते, पण बाकीचे लोक वेळप्रसंगी गप्प तरी बसत. सलोमीला तेही जमत नसे. तिचं लग्न झालं नाही ते यामुळेच, असं तिची भावजय लोविना म्हणे. लोविना बोलायला फटकळ, पण तिचं म्हणणं सहसा खरं असे.

विसाव्या वर्षी सलोमीसारखी टिचकी पंचक्रोशीत कुणाची नव्हती. पत्ते आणि नाच वर्ज्य, त्यामुळे रविवारी संध्याकाळी तरुण मंडळी क्रोकिनोलचा गोल बोर्ड मांडून बसत. टिचकीने सोंगटी मारायची. मधल्या भोकात गेली तर वीस गुण. पण समोरच्याच्या सोंगट्या बोर्डावर असतील, तर त्यांतल्या एकीला तरी आपली लागायलाच हवी. नाही लागली तर, भोकात गेलेली असली तरी, ज्याची त्यानेच मुकाट्याने उचलायची. दुसऱ्याने बोट दाखवणं म्हणजे त्याला चारचौघांत लबाड म्हणणं.

एनॉस मेट्झगर तेव्हा खास तिच्यासाठी येत असे. एका रविवारी त्याची सोंगटी तिच्या सगळ्या सोंगट्यांना चुकवून थेट भोकात पडली. लोकांनी टाळ्या पिटल्या, एनॉस नुसता हसत बसला. सलोमीने जरा वाट पाहिली, मग ‘लागली नाही’ म्हणत स्वतःच सोंगटी उचलून बाहेर टाकली. पुढच्या रविवारी एनॉसची बग्गी आली नाही. वर्षभरात त्याने दुसरीशी लग्न केलं. सलोमीने शाळेत शिकवायला घेतलं आणि चव्वेचाळीस वर्षं बोर्डाला हात लावला नाही.

बायको गेल्यावर तीन वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, एनॉसची मुलगी त्याला सलोमीच्या दारात सोडून गेली. त्याची नजर अधू झाली होती. दोघं हवापाण्याचं बोलले, गाईंचं बोलले, आणि मग बोलणं संपलं. तिथेच सफरचंदं कापत बसलेल्या लोविनाने उठून कुठूनसा बोर्ड आणून टेबलावर आपटला.

“तोंडं शिवलीच आहेत, तर निदान हात तरी हलवा. आणि सलोमी, टिचकी मारताना बूड खुर्चीवरून उचलायचं नाही हं, नियम तो नियम! म्हातारपणाची सूट नाही.”

“तू आपली सफरचंदं काप.”

“मला नुसते ठिपके दिसतात गं,” एनॉस म्हणाला. “कडेकडेचे तेवढे. मधलं सगळं धुकंच.”

“मग तुला हरवण्यात काय राम?”

“आधी हरव तर!”

बोटं दोघांचीही ताठरली होती. तरी तासाभरात सलोमीच्या गालांवर रंग चढला, आणि तिला हे आवडतंय हे तिला स्वतःलाही कळलं. त्याने पुढच्या रविवारी यावं असं तिला वाटत होतं. फार वाटत होतं.

शेवटच्या डावात एनॉसने टिचकी मारली. सोंगटी सलोमीच्या सोंगटीला केसभर चुकवून घसरत भोकात पडली.

“लागली का गं?” त्याने विचारलं.

लोविनाची सुरी थांबली.

“लागली,” सलोमी म्हणाली.

एनॉसने हात पुढे केला, चाचपत भोक शोधलं, सोंगटी उचलली आणि बाहेर ठेवली.

“आवाज नाही आला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तेव्हाही नव्हता आला. मला ठाऊक होतं.”

सलोमीची कानशिलं तापली. खोटं पकडलं गेल्याची लाज होतीच, पण राग त्याहून मोठा होता. एवढं बोलायला या माणसाला चव्वेचाळीस वर्षं लागली!

“तेव्हाच उचलायची होतीस रे,” ती म्हणाली. “एवढंच तर होतं.”

“हो.”

“आता पाळी माझी.”

तिने खुर्चीत नीट बसून नेम धरला आणि बोर्डावर उरलेली त्याची एकुलती एक सोंगटी खाड्कन उडवली.

“ही लागली,” एनॉस म्हणाला.