दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

मंडळी, आज खासबागेतल्या आमच्या मेडिकलवाल्याशी कडाक्याचं भांडण करून आले. राग अजून उतरलेला नाही.

पाच महिने माझ्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, गजकर्ण आहे. त्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबायची. सोडली की चट्टा दुप्पट होऊन यायचा. मग तो दुसरी द्यायचा, "आक्का, ही कडक हाय बघा."

आज त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, या सगळ्या ट्यूबांत स्टेरॉइड आहे. खाज दबते, आत गजकर्णाची बुरशी पसरत जाते.

तशीच दुकानात गेले. तो उद्यमबागेतल्या एका फौंड्री कामगाराला तीच ट्यूब देत होता. मी म्हटलं, "देऊ नका ती, त्यानं वाढतंय."

"लोकास्नी आराम पायजे आक्का, भाषण न्हाय."

कामगारही माझ्यावरच उखडला. "भट्टीपुढं आठ तास हुबं ऱ्हाऊन बघा की बाई, मग सांगा!" ट्यूब घेऊन तो निघून गेला.

आणखी ओरडणार होते, तेवढ्यात आठवलं. दिवाळीत निपाणीला गेले तेव्हा उरलेली अर्धी ट्यूब मीच धाकट्या बहिणीला दिली होती, तिच्या नातीच्या गालावरच्या चट्ट्यासाठी.

दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला.

"लावलं की गुण येतोय गं," बहीण म्हणाली, "पण आता डोळ्यापतूर आलंय. म्हणून काल कडक आणली."

मी तिला सगळं सांगितलं; उद्या नातीला घेऊन ती माझ्याच डॉक्टरांकडे येते आहे. तुमच्या घरातली अर्धी ट्यूब कुणाला दिलीत, आठवतंय?