फाटकावरची विधानसभा

४ मे. ज्वारीच्या पिठाच्या बिबड्या थापून झाल्या. गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या आहेत आणि कावळे हाकलायला मी काठी घेऊन बसले आहे. शेजारी दगडाखाली ग्रामपंचायतीच्या उद्याच्या सभेतल्या ठरावाची प्रत आहे. रेल्वे फाटकालगतच्या झोपड्या आठ दिवसांत हटवाव्यात, असा ठराव. अनुमोदक म्हणून सरपंचांनी माझं नाव आधीच टाईप करून ठेवलं आहे. महिला जागेवर निवडून आलेली बाई हात वर करतेच, असा त्यांचा अनुभव. प्रत वाचली आणि फाटकभाऊ आठवले.

फाटकभाऊ म्हणजे आमचे त्या काळचे अपक्ष आमदार. विधानसभेत करायचं प्रत्येक भाषण ते आधी आमच्या गावाजवळच्या, सुरत लाइनीवरच्या फाटकावर करत, म्हणून हे नाव. मालगाडीसाठी फाटक पडलं की दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्या, एस.टी., दूधवाले अडकायचे. भाऊ जीपमधून उतरत, धोतराचा सोगा खोचत आणि "अध्यक्ष महाराज" अशी सुरुवात करत. अध्यक्ष म्हणजे हिरवा झेंडा घेतलेला फाटकवाला. "अपक्षाला मुंबईत तीन मिनिटं मिळतात," भाऊ सांगत. "इथं मालगाडी पाच देते. शिवाय इथले सदस्य उठून चहाला जाऊ शकत नाहीत."

मी त्यांची टायपिस्ट. धुळ्याला टायपिंगची परीक्षा पास झालेली गावातली एकटीच मुलगी. जळगावला गाडी पकडेपर्यंत भाऊ मसुद्यातली कलमं बदलत, म्हणून टाईपरायटर जीपमध्ये माझ्या मांडीवर असे. फाटकावर मला आणखी एक काम होतं. "मंगल, तू मंत्री. आणि दया दाखवू नको." मी दाखवत नसे. "सन्माननीय सदस्यांच्या भावनांची शासनाला जाणीव आहे, मात्र..." असं सुरू करून मी त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढायची. एकदा एक दूधवाला ओरडला, "भाऊ, पोर भारी पडनी तुमले!" भाऊ खूश.

कलम वाचून झालं की सगळ्यांना समजलं का, हे ते अहिराणीत विचारत, "बठ्ठासले समजनं का?" सगळे गप्प राहिले तर जवळच्या माणसाला तेच कलम त्याच्या शब्दांत सांगायला लावत. सांगता आलं नाही, तर दोष कलमाचा. "ज्याच्यावर कायदा बसणार, त्याच्या कानावर तो आधी गेला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटायचा. माझी घरी जायची एस.टी. चुके.

एका वर्षी एक विधेयक आलं. नुसत्या संशयावरून माणसाला जास्त दिवस ताब्यात ठेवता यावं, असं. आमच्याकडे चोरी झाली की पहिले उचलले जात ते शिरपूरच्या पलीकडून, सातपुड्यातून कापूस वेचायला आलेले मजूर. त्यांच्या झोपड्या फाटकालगतच होत्या. भाऊंनी व्यक्तिस्वातंत्र्यावर जोरदार भाषण केलं. ज्यांचा कापूस चोरीला गेला होता ते गुलाबनाना बैलगाडीवरूनच म्हणाले, "मना कापूस गया तवय स्वातंत्र्य कोठे व्हतं, भाऊ?" निम्मं फाटक त्यांच्या बाजूनं बोलायला लागलं. मंत्री म्हणून मला काही कामच उरलं नाही.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई पुढे आली. रेमली. तिच्या नवऱ्याला नेऊन सहा दिवस झाले होते. तीन चौक्यांवर चालत जाऊन आली, तिन्हीकडून हाकलली गेली. मोळी खाली न ठेवताच ती म्हणाली, "धरी लई गयात ते गयात. पन कोठे नेला, इतलं घर सांगाले काय व्हस?"

मग गुलाबनानाच म्हणाले, "हाई बरोबर शे."

"मंगल, भाषण फाड," भाऊ म्हणाले. "हे टाईप कर." जीपच्या बॉनेटवर मी दुरुस्ती टाईप केली: ज्यास ताब्यात घेतले, तो कोठे आहे हे त्याच दिवशी त्याच्या घरी, घरच्यांना समजेल अशा भाषेत कळवावे. गाडी निघून गेली तरी अध्यक्षांनी दोन मिनिटं फाटक उघडलं नाही. माझी शेवटची ओळ राहिली होती. सगळ्यांचे हात वर गेले. एस.टी.च्या ड्रायव्हरचासुद्धा. रेमलीचा नवरा धुळ्याच्या कोठडीत आहे, हे भाऊंनी संध्याकाळच्या आत शोधून काढलं आणि दोन दिवसांनी त्याला सोडवून आणलं.

मुंबईत दुरुस्ती आवाजी मतदानानं पडली. मात्र "तशा सूचना देण्यात येतील" असं मंत्री सभागृहात बोलून गेले. भाऊ फाटकावर येऊन म्हणाले, "दुरुस्ती पडनी. पन मंत्री बोली गया, आनि ते छापायनं शे." कामकाजाच्या वृत्तांतातलं ते वाक्य त्यांनी मला कार्बन घालून टाईप करायला लावलं. एकेक प्रत प्रत्येक चौकीवर दिली, एक रेमलीला.

"भाऊ, तिला वाचता येत नाही. कागद कशाला?"

"तिला वाचायचा नाहीच. दाखवायचाय. हवालदाराला येतं ना वाचता?"

पुढच्या हंगामात तिच्या नवऱ्याला पुन्हा उचललं. रेमलीनं चौकीत कागद टेबलावर ठेवला आणि समोर जमिनीवर बसून राहिली. दुपारपर्यंत ठिकाण कळलं. मला सांगायला आली ती हसतच. "बाई, कागद बोलना!"

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. फाटकावर हात वर करणाऱ्यांनी पेटीत वेगळंच केलं. "अध्यक्ष महाराज, मी खाली बसतो," एवढंच ते म्हणाले आणि नंतरही एस.टी.नं फाटकावर येत राहिले. दोन वर्षांपूर्वी गेले. अंत्ययात्रा फाटकाशी आली आणि मालगाडीसाठी फाटक पडलं. पाच मिनिटं सगळे उभे होतो. मंत्री म्हणून उत्तर द्यायची मला सवय होती, पण समोरून भाषणच झालं नाही.

असो. बिबड्या उलटायला झाल्या.

५ मे. सकाळी सातला ठराव घेऊन झोपड्यांवर गेले. रेमली आता बारा महिने इथंच असते; भाकरी करत होती. बाकीचेही जमले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "बठ्ठासले समजनं का?"

रेमलीनं तव्यावरची भाकरी उलटली. "समजनं. पन कोठे जावानं, ते लिखेल नही."

मी पुन्हा पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. अनुमोदक म्हणून घातलेलं माझं नाव पेनानं खोडलं आणि खाली लिहिलं: दुरुस्ती. दुसरी जागा दाखवल्याशिवाय एकही झोपडी हटवू नये.

"हात धू," मी रेमलीला म्हटलं, "आणि चल. सभा दहाला आहे."