राणीचं पुसलेलं नाक आणि नऊ लाखांचं गिऱ्हाईक

तुमच्या घरातल्या वस्तूला कोणी प्रत्यक्ष न बघता, न हाताळता, एका रुपयाचीही घासाघीस न करता नऊ लाख देतो म्हणाला, तर तुम्ही त्याला आधी काय विचाराल?

मोताळ्याच्या वसंतकाकांनी विचारलं होतं, "फी कोणत्या खात्यात भरू?"

काका तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दुपारी बाराला ते आणि सिंधूकाकू मलकापूरच्या माझ्या ऑफिसात येऊन बसले. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबललॅम्प आणि एक वजनकाटा. नागपूरच्या एका लिलाव कंपनीसाठी मी जुनी नाणी तपासते. वजन करायचं, फोटो काढायचे, ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलं ते लिहायचं, आणि एस्टिमेट, म्हणजे किती येतील याचा अंदाज द्यायचा.

काकांना अंदाज नको होता. "पोरी, नाणं अस्सल हाय असं लिहून दे आन शिक्का मार. गिऱ्हाईक दिल्लीचं हाय. चार वाजेलोक साठ हजार नोंदणी फी भरा लागते."

"साठ हजार कुठून आणणार?"

"एफडी मोडून राह्यलो." त्यांनी खिशातला अर्ज दाखवला. दोघांच्या दवाखान्यासाठी ठेवलेली एफडी ती. बँक समोरच्याच गल्लीत.

मग त्यांनी रुमालातून नाणं काढलं. इंग्रजांच्या राणीचा चांदीचा रुपया, नव्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखीत. मी लॅम्प जवळ ओढला.

"काका, हे कशानं घासलं?"

"चिंच आन राख," काका अभिमानानं म्हणाले. "दर लक्ष्मीपूजनाले. माह्या बापानंबी घासलं, मीबी घासतो."

दोन पिढ्यांच्या भक्तीनं राणीचं नाक साफ पुसून टाकलं होतं. कान शिल्लक होता, बहुधा बोट पोचत नसावं म्हणून.

जुन्या चांदीवर जो काळपट थर चढतो, तोच संग्राहकाला हवा असतो. नाण्याशी कोणी छेडछाड केलेली नाही, याचा तो पुरावा. घासलं की भाव गेला. मी फोटो नागपूरला पाठवला. कंपनीतल्या सरांचा लगेच फोन आला. मी स्पीकर लावला.

"कोणी घासलं हे?"

"सर, मालक समोर बसलेत."

"त्यांना नमस्कार सांग. चांदीच्या भावानं सराफाला द्या म्हणावं. आपल्या लॉटमध्ये नको." लॉट म्हणजे लिलावात एका नंबराखाली विकायला ठेवलेला माल.

काकांनी मोबाइलवरची एक जाहिरात माझ्यापुढे धरली. "हे पाह्य. असाच रुपया, नऊ लाख."

"काका, ही विकणाऱ्यानं मागितलेली किंमत. मी माझ्या वजनकाट्यावर नव्वद लाखाची चिठ्ठी लावली तर कोण अडवणार? हॅमर प्राइस बघा. हातोडा पडतो तेव्हाची शेवटची बोली, म्हणजे खरा माणूस खरे पैसे देतो ती." मी गेल्या तीन लिलावांचे आकडे दाखवले. चांदी महागली तसा साधा रुपया थोडा वर सरकला होता. दुर्मीळ टांकसाळीचा, न घासलेला असेल तर उडी मोठी, पण तीही काही हजारांचीच.

आमचं घर चळवळीतलं, तिथे पाळण्यातल्या पोरालाही पत्रक वाचून दाखवतात. त्यामुळे मी उभी राहिले आणि भाषण ठोकलं. माणसाच्या कष्टाच्या पैशावर टपलेले हे लांडगे, फॉरवर्ड करणारे सुशिक्षित, गप्प बसणारा समाज, कोणालाच सोडलं नाही. शेवटी मीच लिहिलेलं 'नाणी आणि नाडणूक' हे पत्रक काकांच्या हातात दिलं.

काकांनी ते नीट घडी घातलं आणि त्यात नाणं गुंडाळलं. "कागद चांगला हाय. तुह्या धंद्यात दुसरा आला म्हणून तुले राग येऊन राह्यला, बाकी काई नाई." ते उठलेच.

"बसा जरा," काकू म्हणाल्या. "त्या दिल्लीवाल्यानं नाण्याची मांगची बाजू पाह्यली का?"

"नाई. राणीचाच फोटू मांगतला."

"वजन पुसलं?"

"नाई."

"भाव पाडला?"

"काऊन पाडंल? एका दमात नऊ लाख बोलला."

"आपल्या बाजारात बाई पावभर वांगे घेते तं कीड पाह्यते, देठ पाह्यते, मंग दोन रुपये कमी करते. ह्यो कसा घेणारा व माय? लावा फोन."

फोन स्पीकरवर लागला. काकूंनी त्यांच्या हिंदीत सुरुवात केली. "भैया, सिक्के में छेद है।"

"कोई बात नहीं, माताजी।"

"हमारे इन्होंने रानी का नाक घिस डाला।"

"चलेगा, माताजी।"

काकूंनी आमच्याकडे पाहिलं. "और अभी हात से गिरके दो टुकडे हो गए।"

"दोनों टुकड़े ले लेंगे! बस फीस चार बजे तक।"

काकांचा चेहरा हळूहळू हेडक्लार्कचा झाला. एका सहीवाचून अर्ज परत पाठवणारा हा माणूस. त्यांनी फोन हातात घेतला. "आपके पत्र का जावक क्रमांक बताइए। तारीख और शिक्के के साथ।"

फोन कटला.

काकांनी एफडीचा अर्ज टेबलावर ठेवून त्याचे चार तुकडे केले. मग आम्ही तो नंबर घेऊन पोलिसांत तक्रार दिली. काकांनी पोचपावती दोनदा वाचली.

निघताना काकूंनी बटव्यातून सुयांची डबी काढली. तिच्यात एक काळाकुट्ट रुपया होता. "हा लयच काळा, घासूनबी उजळाचा नाई म्हणून ह्यायनं लग्नाच्या पयल्याच वर्षी न घासताच पूजेतून काढला. मी डबीत टाकला."

मी भिंगाखाली धरला. राणीचं नाक जागच्या जागी. टांकसाळही कमी सापडणारी. सर फोनवर एवढंच म्हणाले, "हा घे."

पुढच्या लिलावात तो एस्टिमेटच्या वर गेला. नऊ लाखांना नाही, एका बऱ्यापैकी शिलाई मशीनच्या किमतीला. मशीन काकूंनी घेतलं. तेल काका घालतात. पुसू मात्र देत नाहीत त्यांना.

मी पत्रक नव्यानं छापलं. माझं भाषण काढलं, वांग्यांचं वाक्य घातलं. आता लोक वाचतात.

तुम्हाला एकच विनंती. यंदा लक्ष्मीपूजनाला नाण्यावर फूल वाहा, चिंच आमटीत घाला. आणि असा फोन आला तर फी भरण्याआधी स्पीकर लावा, घरच्यांना जवळ बोलवा आणि त्याला सांगा की नाण्याला भोक आहे. 'चालेल' म्हणाला, तर फोन ठेवून पोलिसांकडे जा.