पलटून राहिली

मनीषनगरच्या मायावहिनी मूळच्या पुण्याच्या. गेल्या वर्षी लग्न होऊन आल्या, त्या पाण्याची भीती सोबत घेऊनच. नवरा संघपाल खापरखेड्याला कारकून आणि शिडाच्या होड्यांचा वेडा. त्याच्या दोन होड्या. जुनी लाकडी, म्हशीसारखी संथ. तिच्यात वहिनी चिवडासुद्धा खातात. नवी फायबरची, शर्यतीची, कुणी शिंकलं तरी कलणारी.

त्या रविवारी वारा पिसाळलेला होता आणि संघपाल शर्यतीत नवी घेऊन उतरला. तलावाच्या टोकाच्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. काठावर बसलेल्या वहिनींना झाडांमुळे ते दिसत नव्हतं. तिथल्या काठावर उभा असलेला दीर अश्विन याचा फोन आला, "वहिनी, दादाची होडी पलटून राहिली."

पुणेरी कानांना एवढंच कळलं, की होडी उलटली आणि तशीच राहिली. काठाला बांधलेली जुनी होडी सोडून वहिनी एकट्याच वल्हं मारू लागल्या.

तोच झाडांआडून संघपाल आला, सगळ्यांच्या पुढे.

"माया, बाजूले हो वं. काहून आली इथं?"

"तू बुडालास ना? अश्विन म्हणाला, होडी पलटून राहिली."

"अवं, पिंपावरून पलटून राहिली होती, म्हंजे वळत होती. मी तं वापस येऊन राहिलो."

एवढं बोलून वहिनींच्या होडीला चुकवताना त्याची होडी खरोखरच उलटली. वहिनींनी कॉलर धरून त्याला जुनीत ओढलं आणि काठ लागेपर्यंत ती सोडली नाही. शर्यत कोण जिंकलं, हे दोघांनीही विचारलं नाही.